भाड्याच्या घरातला रेडॉन आणि घरमालकाचे कर्तव्य

रेडॉन हा जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकात आणि मातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमचे सावकाश विघटन होऊन रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. मोकळ्या हवेत तो विरून जातो. घराखालच्या जमिनीतून वर येणारा रेडॉन मात्र फरशीच्या सांध्यांतून, जोत्याच्या भेगांतून, नळ आणि सांडपाण्याच्या पाइपांभोवतीच्या फटींतून आत शिरतो आणि दारे-खिडक्या बंद असल्या की साठत जातो. साधारण ३.८ दिवसांत त्याचे प्रमाण निम्मे होते, पण त्या विघटनातून तयार होणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथेच अल्फा किरण सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी ३ ते १४ जणांचा आजार रेडॉनमुळे असतो. हे प्रमाण देशागणिक बदलते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनचा धोका कितीतरी अधिक. घरातल्या एक घनमीटर हवेत १०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्सार मोजण्याचे एकक) जास्त रेडॉन नसावा आणि काही झाले तरी ३०० ची मर्यादा ओलांडली जाऊ नये, असे या संघटनेने २००९ मध्ये सुचवले.

आपल्याकडचे एक उदाहरण घ्यायचे तर राहुरी तालुक्यातले देवळाली प्रवरा हे गाव दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणावर वसलेले आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच खडकाचा. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे या पट्ट्यात रेडॉनही सहसा कमीच आढळतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक आहेत. तिथे रेडॉनचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. म्हणजे देवळालीत घाबरून जाण्याचे कारण नाही. पण एखाद्या घरातला आकडा केवळ खडकावर ठरत नाही. तळमजल्यावरची, एकच खिडकी असलेली, खाली मातीची जमीन किंवा उखडलेली शहाबादी फरशी असलेली खोली आणि तिच्याच वरची हवेशीर खोली यांत मोठा फरक पडू शकतो. हिवाळ्यात रात्रभर दारे-खिडक्या बंद राहतात, तेव्हा प्रमाण वाढते. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या ग्रॅनाइटची धास्ती अनेकांना वाटते. त्याचा वाटा बहुधा नगण्य असतो. खरा स्रोत पायाखालची जमीन.

मग ही तपासणी करायची कोणी? भाड्याने घर देण्यापूर्वी रेडॉन मोजलाच पाहिजे, असे महाराष्ट्रातला कोणताही भाडेविषयक कायदा घरमालकाला सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या, दुरुस्त स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये. तडकलेली जमीन, उखडलेली फरशी, पाइपांभोवतीची फट या दुरुस्त्यांसाठी रेडॉनचे नाव काढण्याचीही गरज नाही, आणि रेडॉन आत येण्याच्या वाटा नेमक्या याच आहेत.

त्याहून महत्त्वाची तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये आहे. कलम १०८ म्हणते की जागेच्या वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एखादा दोष मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला साध्या काळजीने तो कळण्यासारखा नसेल, तर मालकाने तो उघड केला पाहिजे. न दिसणारा, न कळणारा वायू या वर्णनात चपखल बसतो. ज्याने मोजणी केली आणि आकडा जास्त निघाला, त्याला गप्प राहण्याची मोकळीक नाही. अडचण इतकीच की ज्याने मोजलेच नाही त्याला सांगण्यासारखे काहीच नसते. कायदा माहिती असलेल्या मालकाला बांधतो, पण माहिती करून घेण्याची सक्ती करत नाही. ही उणीव भरून निघायला हवी.

अमेरिकेत काही राज्यांनी ती भरून काढली आहे. तिथे या प्रश्नाकडे लक्ष गेले ते १९८४ च्या डिसेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस तपासणी यंत्रातून जाताना किरणोत्साराचे इशारे वाजू लागले. शोध घेतल्यावर कारण केंद्रात नव्हे, त्यांच्या राहत्या घरात सापडले. तिथल्या हवेत घनमीटरमागे सुमारे १,००,००० बेकरेल रेडॉन होता. आज मेन राज्यात भाड्याच्या इमारतींची तपासणी करून निष्कर्ष भाडेकरूंना लेखी कळवणे मालकाला बंधनकारक आहे. फ्लोरिडात मोजणीची सक्ती नाही, पण भाडेव्यवहाराच्या वेळी रेडॉनविषयीची ठरावीक सूचना लेखी द्यावी लागते.

महाराष्ट्रात आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. अशा घरात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, म्हणून वरच्या दोन्ही कलमांचा आधार त्याला सहज मिळत नाही. त्याच्यासाठी करारातली ओळ हाच आधार. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकलेली आहेच. त्याच करारात तळमजल्याच्या जमिनीची दुरुस्ती कोण करणार, मोजणीचा खर्च कोणाचा आणि अहवाल दोघांनाही मिळणार का, हे लिहिता येते. खर्च मालकाने उचलावा हेच न्याय्य, कारण भाडेकरू बदलतात, जमीन तीच राहते.

मोजणी फारशी अवघड नाही. विशिष्ट प्लास्टिकची लहानशी फिल्म असलेली डबी झोपण्याच्या किंवा बसण्याच्या खोलीत, दार-खिडकीपासून दूर, साधारण तीन महिने ठेवतात. अल्फा कणांनी फिल्मवर उमटवलेले सूक्ष्म ओरखडे प्रयोगशाळेत मोजले जातात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडॉन आणि त्याचाच भाऊबंद थोरॉन हे दोन्ही वेगवेगळे मोजणारी डबी विकसित केली आहे आणि देशातली अनेक विद्यापीठे अशा साधनांनी घरांची पाहणी करतात. कोळशाच्या डबीने काही दिवसांत उत्तर मिळते, पण ऋतुमानाप्रमाणे होणारी चढउतार त्यात दिसत नाही. हिवाळा धरून केलेली मोजणी अधिक भरवशाची.

आकडा जास्त निघाला तर आधी भेगा आणि सांधे सिमेंटने किंवा सीलंटने बुजवावेत, मातीच्या जमिनीवर कोबा करावा, समोरासमोर हवा खेळेल अशी झरोक्यांची सोय करावी. तेवढ्याने भागले नाही तर फरशीखाली पाइप घालून पंख्याने तिथली हवा छपराच्या वर सोडतात. वॉट्रस यांचे घरही अशाच उपायांनी पुन्हा राहण्याजोगे झाले. दुरुस्तीनंतर त्याच खोलीत पुन्हा मोजणी करून नवा अहवाल राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती दिला की मालकाचे काम पुरे होते.