रामाच्या पायदळात भरती

फौजेचे कान, फौजेची पुस्तकं : लेखांक ७

तंजावरहून उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. हे पाच नद्यांचं गाव, म्हणून संस्कृतात पंचनदम. इथे कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तिथे मांडीला मांडी लावून बसतात आणि एका सुरात पंचरत्न कृती गातात. मागच्या लेखात आपण बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात होतो. तिथून थेट या संतांच्या गावी येण्याचं कारण त्यागराजांचीच एक कृती आहे.

हंसनादम रागातली ‘बंटु रीति’. बंटु म्हणजे राजाच्या दारचा शिपाई. या कृतीत त्यागराज रामाकडे मोक्ष मागत नाहीत, चाकरी मागतात. कामक्रोधादी शत्रूंना लोळवणाऱ्या शिपायाची जागा द्या, असा त्यांचा अर्ज आहे. पुढे ते आपला सरंजामही सांगतात. अंगावर उठलेला रोमांच हेच चिलखत, रामभक्त म्हणवून घेणं हाच छातीवरचा बिल्ला आणि रामनाम हीच तलवार. भरतीसाठी रांगेत उभा राहिलेला जवान जसा एकेक वस्तू दाखवत जाईल तशी ही रचना आहे.

हा अर्ज करणारा माणूस कोण, हेही ध्यानात घ्यायला हवं. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी दरबारात बोलावलं तेव्हा त्यागराजांनी संपत्तीकडे पाठ फिरवली आणि ‘निधि चाल सुखमा’ गाइलं, असं परंपरा सांगते. राजाची चाकरी नाकारणारा माणूस रामाकडे मात्र साध्या प्याद्याची जागा मागतो. या कृतीतलं शिपाईपण मला निव्वळ रूपक वाटत नाही. त्यागराजांचा जन्म १७६७चा. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबानं तंजावर घेतलं, १७७६ मध्ये ते पुन्हा तुळजाजी राजांकडे आलं आणि १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा सगळा मुलूख उजाड केला. तेव्हा त्यागराज चौदा वर्षांचे होते. कावेरीकाठच्या या पिढीनं शिपाई पोथीत वाचला नव्हता, दारात पाहिला होता.

पुढे शिपायांची चाकरीच आटली. १७९८ मध्ये दुसरे सरफोजी गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहानं राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्या घराण्यात व्यंकोजीराजे तलवारीच्या बळावर दक्षिणेत आले, त्या घराण्याला आता लढाई उरली नाही. फौज गेल्यावर सरफोजींनी दोन गोष्टी मन लावून जमवल्या : बाजा आणि पुस्तकं.

पुस्तकांचं आधी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात चार हजारांवर युरोपीय ग्रंथ सरफोजींच्या संग्रहातले आहेत. तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत आणि मोडी दप्तर वेगळंच. फौजी वाचनही त्यात आहे, पण ते जुन्या वळणाचं. नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्र’ घोड्याचं कूळ, रंग, चाल आणि अंगावरचे भोवरे पाहून तो कसा निघेल ते सांगतं. पालकाप्याचं ‘गजशास्त्र’ हत्तींबद्दल. यांतलं ‘अश्वशास्त्र’ ग्रंथालयानं १९५२ मध्ये छापलं. घोडदळ मोडलं तरी घोड्याची विद्या जपली, याचं श्रेय महाराजांना द्यायलाच हवं. आणि १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. तलवार म्यान झालेल्या घराण्यानं आपल्या मोहिमा दगडावर वाचायला ठेवल्या. तो लेख पाहताना मराठी वाचकाचा ऊर भरून येतो, आणि तो राज्यकारभार गेल्यावर चार वर्षांनी कोरला हे आठवलं की गलबलूनही येतं.

आता बाजा. त्यासाठी आधी मद्रासला जायला हवं. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये गोऱ्या पलटणींचे बँड वाजत. तिथे जवळच मणलीला रामस्वामी दीक्षितांचं कुटुंब राहत होतं. त्यांचे आश्रयदाते मुदलियार कंपनीचे दुभाषी, त्यामुळे किल्ल्यातलं वादन ऐकायची वाट त्यांना मोकळी होती. त्यांच्या मुलांतले धाकटे बाळुस्वामी तिथे व्हायोलिन शिकले. थोरले मुत्तुस्वामी यांनी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात आणि अशा रचना तीसहून अधिक आहेत. ‘संततं पाहि माम्’ ही तर चक्क इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर, देवीची प्रार्थना.

यातली एखादी रचना शांतपणे ऐकून पाहा. राग शंकराभरणम, म्हणजे आपल्या बिलावलचे स्वर. पण कर्नाटक गायक एरवी शंकराभरणम गातो तेव्हा रिषभ, मध्यम, धैवत झुलवतो, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो. नोट्टुस्वरात यातलं काही नाही. स्वर कवायतीतल्या शिपायासारखे आपापल्या जागी ताठ उभे. पाऊल मोजून पडतं आणि चाल कुठेही रेंगाळत नाही. पलटणीचा बाजा मोकळ्या मैदानात वाजणार, दूरच्या रांगेलाही पाऊल कळलं पाहिजे, तिथे गमकाला वाव कुठला? दीक्षितांनी हा ताठपणा मोडला नाही. ज्यांच्या इतर कृती विलंबित आणि गमकांनी भारलेल्या, त्यांनी इथे शिपायाचा कान जसाच्या तसा मान्य केला. हा मला फार मोठा गुण वाटतो. आजही लहान मुलांना या रचना आवर्जून शिकवतात.

हे बँड वाजवत कोण होतं? १७९०च्या दशकात कंपनीनं नियम केला की आई-वडील दोघेही युरोपीय असल्याखेरीज लढाऊ नोकरी मिळणार नाही. बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा नालबंद होता येईल. गोऱ्या बापाची आणि इथल्या आईची पोरं अशी बंदुकीऐवजी वाद्याकडे ढकलली गेली. अशाच मुलांसाठी मद्रासजवळ एग्मोरला लष्करी अनाथालय होतं आणि १७८९ पासून त्याची देखरेख अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे होती. बेलनं एका गावठी शाळेत मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. ती पद्धत त्यानं अनाथालयात आणली आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, हा पायंडा पाडला. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक निघालं. १८११-१२च्या सुमारास ब्रिटिश फौजेत पलटणींच्या शाळा उघडल्या त्या याच ‘मद्रास पद्धती’वर. आपण नेहमी ऐकतो की इंग्रजांनी इथे काय काय आणलं. इथला हिशेब वेगळा आहे. त्यांच्या बाजाचे सूर आपल्या गाण्यात आले आणि आपल्या वाळूतली अक्षरं त्यांच्या शिपायांच्या हाती गेली.

वाचता येऊ लागल्यावर शिपायानं काय वाचावं हा वाद आलाच. १८२०च्या दशकात कंपनीनं छावण्यांमधून गोऱ्या शिपायांसाठी ग्रंथालयं काढली. राणीच्या फौजेला ती सोय १८४०च्या सुमारास मिळाली. वरिष्ठांना धर्मपर पुस्तकं हवी होती, शिपायांचा ओढा गोष्टींकडे आणि प्रवासवर्णनांकडे. हा झगडा आजही मिटलेला नाही. अमेरिकेच्या मरीन दलात जनरल आल्फ्रेड ग्रे यांनी १९८९ मध्ये वाचनाची यादी सुरू केली. ती नव्या भरतीपासून जनरलपर्यंत हुद्द्याप्रमाणे वेगळी. त्या दलाचा नामांकित बँड स्थापन झाला तो १७९८ मध्ये, सरफोजी गादीवर आले त्याच वर्षी.

तिरुवैयारुकडे परत येतो. त्यागराजांच्या काही छोट्या, झरझर चालणाऱ्या कृतींत अभ्यासकांना बँडचा ठसा दिसतो. शंकराभरणमातली ‘वरलील गानलोल’ घ्या, किंवा कुंतलवराळीतली ‘सारसार समरैक शूर’. दुसरीत तर रामाला रणशूर म्हणूनच हाक आहे, आणि चालही त्या हाकेला शोभणारी. दरबारात न गेलेल्या माणसाच्या कानापर्यंत दरबारचा, छावणीचा नाद पोहोचला तो असा.

मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य, तंजावरच्या चार संगीतकार भावांतले वडिवेलु, व्हायोलिनमध्ये इतके पारंगत झाले की १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं. व्हायोलिन गायकाच्या शेजारी कायमचं बसलं. बँडमधल्याच क्लॅरिनेटला मात्र थांबावं लागलं. ते आधी नाचाच्या साथीला आलं, मग लग्नाच्या वरातीत शिरलं, आणि मैफलीच्या मधोमध बसायला विसावं शतक उजाडलं. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांना मद्रासच्या म्युझिक अकादमीनं २००८ मध्ये संगीत कलानिधी केलं, ते क्लॅरिनेटसाठी. पुढच्या आठवड्यात या वाद्याचाच मागोवा घेऊ, तंजावरच्या नाट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घरांपासून.