एका पावलात आकडा

नॉइजपासून, म्हणजे निव्वळ यादृच्छिक ठिपक्यांपासून, पावलापावलाने चित्र घडवणाऱ्या फ्लो मॉडेलला ते एकाच पावलात काढायला लावलं, तर काय उमटतं ते स्वतः पाहण्यासारखं आहे. मी ते एमनिस्ट या चित्रसंग्रहावर पाहिलं. हाताने लिहिलेले ६०,००० आकडे शिकवण्यासाठी, प्रत्येक चित्र २८ बाय २८ पिक्सेलचं. सुरुवातीला कुठलाही नॉइज द्या, समोर जवळपास तोच राखाडी डाग येतो: मध्ये दाट, कडेला विरलेला. ती शून्यापासून नऊपर्यंतच्या सगळ्या आकड्यांची सरासरी.

मॉडेल नीट शिकलेलं असलं तरी हेच होतं. शिकवताना कुठल्याही आकड्याशी कुठलाही नॉइज जोडलेला असतो. त्यामुळे निघतानाच दहाही आकड्यांकडे वाटा फुटतात आणि मॉडेल सगळ्यांची मिळून एक सरासरी दिशा सांगतं. थोडं पुढे गेलं की काही आकडे मागे पडतात, दिशा बदलते, वाट वळते. वळणावर लांब पाऊल टाकलं की ते वाटेबाहेर पडतं. म्हणून पन्नास-शंभर बारीक पावलं, आणि दर पावलाला अख्खं नेटवर्क पुन्हा चालवायचं.

२०२२ साली मांडलेल्या रेक्टिफाइड फ्लोची युक्ती मला फार देखणी वाटते. शिकलेल्या मॉडेललाच शिक्षक करायचं. त्याला नॉइज देऊन सगळी पावलं सावकाश चालू द्यायचं आणि तो ज्या आकड्यावर पोचेल, तो त्या नॉइजशेजारी नोंदवायचा. आता एका नॉइजला एकच आकडा. या जोड्यांवर विद्यार्थी मॉडेल शिकवलं, की सरासरी काढायला फारसं काही उरत नाही आणि वाटा सरळ होत जातात. जोड्या बनवण्यातच जीपीयूचा बराच वेळ जातो. पण तो खर्च एकदाच.

ट्रेनिंग चालू असताना मी मधूनमधून एका पावलाचे नमुने काढत होते. डागातून आधी १ सुटा झाला, मग ०चं पोट उघडलं. ४ आणि ९ मात्र बराच वेळ एकमेकांत अडकलेले.

शिक्षकाने ८ अर्धवट सोडला असेल, तर विद्यार्थीही तो तसाच सोडतो. म्हणून २०२३चं एसडीएक्सएल टर्बो आणि २०२४चं फ्लक्स श्नेल या चित्रं काढणाऱ्या मॉडेलांच्या शिकवणीत खरंखोटं ओळखणारं दुसरं नेटवर्कही असतं. फ्लक्स श्नेल एक ते चार पावलांत चित्र देतं. पण अशा पहाऱ्यात सुबक तेवढंच टिकून वैविध्य गळू शकतं, आणि मला ती किंमत मोठी वाटते. त्यामुळे नमुने तपासताना मी सुबकपणा नंतर बघते. आधी, पोटात आडवी रेघ मारलेला ७ अजून येतो का, ते शोधते.