चित्रपट आणि तरुण मन : ‘सैराट’चा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

केशरचना, पेहराव आणि बोलण्याची लकब यांच्या अनुकरणाचा विचार मागील लेखांकात झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे तो आचरणावरील प्रभावाचा, आणि त्यासाठी सोलापूर जिल्ह्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. त्याचे बरेचसे चित्रीकरण करमाळा परिसरात झालेले असून, नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी होती. पडद्यावरील नायिका शहरी, गोरी आणि प्रमाण मराठी बोलणारीच असते, ही समजूत जिल्ह्यातील मुलींपुरती तरी त्या उन्हाळ्यात मोडीत निघाली, आणि बुलेट व ट्रॅक्टर चालवणारी ही नायिका, आर्ची, आपल्याच बोलीत बोलते, हे त्यांनी प्रथमच पाहिले. हा प्रभाव मोजता येत नाही, म्हणून त्याची चर्चाही फारशी झाली नाही.

चर्चा झाली ती आक्षेपाची: शाळा-कॉलेजच्या वयातील मुलांना हा चित्रपट पळून जाण्यास शिकवतो, असे म्हटले गेले. हा आक्षेप तपासताना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा ‘सामाजिक अध्ययन’ हा सिद्धान्त, म्हणजे माणूस इतरांचे वर्तन नुसते पाहूनही शिकतो हा विचार, उपयोगी पडतो. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लहान मुलांना एक प्रौढ व्यक्ती बाहुलीला मारहाण करत असल्याची फिल्म दाखवण्यात आली; त्या व्यक्तीला शेवटी शिक्षा होताना ज्यांनी पाहिले, त्या मुलांनी तिचे अनुकरण कमी केले, मात्र बक्षीस देऊ केल्यावर तीच कृती त्यांनाही करून दाखवता आली. शिकणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, पाहिलेल्या कृतीचा शेवट काय झाला यावर अनुकरण बरेचसे अवलंबून असते, हा त्याचा अर्थ.

या कसोटीवर ‘सैराट’ प्रेमाची भुरळ घालणारा ठरत नाही, कारण त्याचा शेवट वेगवेगळ्या जातींतील नायक-नायिकेच्या हत्येत होतो. अडचण अशी की वरातींतून, मिरवणुकांतून आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचला तो बहुतांशी पूर्वार्ध, म्हणजे गाणी आणि विहिरीवरचा उत्साह. हैदराबादच्या झोपडपट्टीतील उत्तरार्ध आणि तो शेवट कुणी वरातीत वाजवत नाही. संपूर्ण कलाकृती आणि तिचे फिरणारे तुकडे यांचे परिणाम एकच मानणे ही या विषयावरील लेखनातील मोठी उणीव आहे.

शिवाय जातीबाहेरच्या प्रेमावरील हिंसा चित्रपटाने आणली नाही. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल 2014 मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली, आणि उच्च मानल्या गेलेल्या जातीतील मुलीशी त्याचे संबंध असल्याचा संशय हे तिचे कारण सांगण्यात आले. ही घटना ‘सैराट’च्या दोन वर्षे आधीची आहे. अशा हत्यांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात मार्च 2018 मध्ये राज्य सरकारांना सविस्तर निर्देश दिले, ते मुलांच्या नव्हे तर कुटुंबांच्या आणि जातपंचायतींच्या वर्तनाबद्दल होते. चित्रपटातही शस्त्र उचलतात ते मुलीचे नातलग. तेव्हा ‘सैराट’ने काय शिकवले, हा प्रश्न मुलांइतकाच त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही विचारावयास हवा. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा चित्रपट शेवटासह दाखवावा, आणि त्यानंतरच्या चर्चेला पालकांनाही आवर्जून बोलवावे.