रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही गोळी कशाला?

रक्तातली चरबी : भाग ४

भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने हिर्डोशी खोऱ्यात शिरतो. हा जुना हिरडस मावळ. उतारावर भातखाचरे, वरच्या अंगाला नाचणी-वरी आणि पावसाळ्यात दिवसदिवस न थांबणारा पाऊस. पोटापाण्यासाठी इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, नंतर पुण्याला आणि शिरवळच्या कंपन्यांत. रक्तातली चरबी मोजणाऱ्या लिपिड प्रोफाइलचा कागद अशा घरात बहुधा नोकरीच्या वाटेनेच येतो. कंपनीची वार्षिक तपासणी होते, चाळिशीतल्या मुलाच्या हातात रिपोर्ट पडतो, काही आकड्यांपुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलेले असते. गावाकडे आल्यावर तो कागद घरच्यांना दाखवतो आणि घरचे म्हणतात, ‘तुझ्या अंगावर मांस तरी आहे का? तुला कुठून चरबी आली?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास चालवला. इथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन, उंची, स्नायू सगळ्यांत आपली बाळे कमी भरली. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचा वाटा जास्त, ही गोष्ट जन्मापासूनच दिसते. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेव्हा अंगाने काटक असणे ही रक्त न तपासण्याची सबब होऊ शकत नाही.

आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या दोन हजारांवर लोकांचे रक्त तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले १३.९ टक्के, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि ‘चांगले’ म्हणवले जाणारे एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. आपल्याकडचा ठरावीक रिपोर्ट असाच दिसतो: कोलेस्टेरॉल फार नाही, ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली.

असाच एक नमुना समोर ठेवू. एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २९०. ‘वाईट’ म्हणवले जाणारे एलडीएल बहुतेक प्रयोगशाळा हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचे, आले ५८. एकूणातून एचडीएल आणि हे ५८ वजा केले की उरते १२०. वाचणाऱ्याची नजर २९० वर खिळते, कारण तोच आकडा सर्वांत मोठा. डॉक्टर आधी पाहतात ते १२० कडे, आणि एकूणातून एचडीएल वजा केल्यावर येणाऱ्या १७८ कडे. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणाऱ्या सगळ्या कणांचा हिशेब त्या एका आकड्यात येतो. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्वसाधारण माणसाचे एलडीएल १०० च्या खाली हवे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ७० च्या खाली. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची पट्टी सगळ्यांना एकच असते, पण लक्ष्य माणसागणिक बदलते. हा मुद्दा या भागात पुन्हा लागणार आहे.

आता गोळीकडे. जगात सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी स्टॅटिन हा एक गट आहे. आपल्याकडे त्यातल्या दोन गोळ्या मुख्य: अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन. या औषधाची मुळे तांदळाच्या बुरशीत आहेत, हे भात पिकवणाऱ्या खोऱ्यात सांगायलाच हवे. जपानच्या अकिता भागातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेले अकिरा एंडो टोकियोच्या सांक्यो कंपनीत संशोधक होते. कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया थांबवणारा पदार्थ एखाद्या बुरशीत सापडेल, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या गटाने सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना तो पदार्थ मिळाला. ती पेनिसिलिनच्याच कुळातली. एंडोंचा तो पहिला पदार्थ औषध म्हणून बाजारात आला नाही. त्याच वाटेने गेलेल्या मर्क कंपनीच्या लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एंडो २०२४ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेले.

गोळीचे काम समजून घेतले की ती का चालू ठेवायची हेही कळते. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. त्या निर्मितीतल्या एका एन्झाइमला स्टॅटिन अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, म्हणून त्याच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेतात. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. गोळी रोज पोटात जाते तोवरच ही ओढ वाढलेली राहते. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ जागी येते.

घराघरांत होणारी मोठी चूक नेमकी इथेच होते. तीन महिन्यांनी तपासणी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि गोळी बंद होते. ‘आता बरे आहे, मग कशाला?’ तापाच्या गोळ्यांनी लागलेली ही सवय आहे आणि तिथे ती बरोबरही आहे. इथे मात्र रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच. शिवाय खरे लक्ष्य रक्तातला आकडा नाहीच, तो वाटेत लागणारा टप्पा आहे. लक्ष्य आहे हार्ट अटॅक आणि लकवा टाळण्याचे, आणि ते वर्षांच्या हिशेबानेच साधते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या ‘फोर एस’ या चाचणीत हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे साडेपाच वर्षांनी मोजणी झाली तेव्हा बिनऔषधाच्या गटात २५६ मृत्यू झाले होते आणि औषधाच्या गटात १८२. दोन-तीन महिने गोळी घेऊन सोडली असती, तर हा फरक दिसला नसता.

‘गोळीने अंग दुखते’ ही तक्रारही मनापासून ऐकून घ्यायला हवी. दिवसभर वाफ्यात वाकून भात लावणाऱ्याचे अंग तसेही दुखते. मग ते लावणीने दुखते की गोळीने, हे कसे ओळखायचे? लंडनमध्ये याचा फार सुंदर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत बिनऔषधाची गोळी आणि चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती गोळी घेतली, हे त्यांना माहीत नव्हते. रिकाम्या महिन्यांत त्रासाचा आकडा सरासरी ८ होता, बिनऔषधाच्या गोळीने १५.४ आणि स्टॅटिनने १६.३. दुखणे खरे होते, खोटे कोणीच बोलत नव्हते. पण त्यातला जवळपास नऊ दशांश भाग ‘आपण गोळी घेतो आहोत’ या जाणिवेतून येत होता. आपापला आलेख पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ स्टॅटिन पूर्ण निर्धोक आहे असा नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या काहींची साखर थोडी वाढते. स्नायू गळून पडल्यासारखे वाटणे, लघवी चहासारखी काळपट होणे, हे दुर्मीळ पण गंभीर लक्षण आहे. अशा वेळी गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. गरोदर असलेल्या किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या बाईने डॉक्टरांना आधी सांगायचे. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले असेल, तर आपल्याला स्टॅटिन चालू आहे हे तिथेही सांगायचे, कारण त्या दोघांचे जमत नाही.

आणखी एक गोंधळ औषधाच्या पाकिटावर सुरू होतो. कोलेस्टेरॉलची गोळी आणि ‘रक्त पातळ करायची गोळी’ बहुतेक घरांत एकच समजली जाते. इकोस्प्रिन एव्ही ७५/१० ही कॅप्सूल पाहा. तिच्यात ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन आहे आणि १० मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन. ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ देत नाही, अटोरव्हास्टॅटिन एलडीएल उतरवते. कामे वेगळी, कॅप्सूल एक. दात काढायचा म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी बंद’ झाली की कोलेस्टेरॉलचे औषधही नकळत बंद होते. उलटेही घडते: मुंबईच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिलेली असते, भोरच्या डॉक्टरांनी वेगळी अटोरव्हास्टॅटिन लिहिलेली असते आणि माणूस दोन्ही घेत राहतो. दोन गावांत संसार विभागलेल्या माणसाने रिकामे पाकीटसुद्धा खिशात ठेवावे. ब्रँडचे नाव ठळक अक्षरात असते. खालच्या बारीक अक्षरांतले नाव डॉक्टरांना हवे असते.

मग नमुन्यातल्या त्या २९० चे काय? ट्रायग्लिसराइड २०० ते ५०० दरम्यान असेल तर पहिले औषध ताटातच आहे. दारू सुटली, चहातली साखर सुटली, भाताचा डोंगर निम्म्यावर आला आणि रक्तातली साखर आटोक्यात राहिली, तर हा आकडा काही आठवड्यांत चांगलाच खाली येतो. एलडीएल पथ्याला इतकी दाद देत नाही, ट्रायग्लिसराइड देते. इंद्रायणीचा भात सोडा असे मावळात कोणी सांगू नये. पण एका वाढपाची जागा नाचणीची भाकरी, हुलगा आणि पालेभाजी घेऊ शकते, आणि हे सगळे इथल्या घरात परके नाही. आकडा ५०० च्या वर, विशेषतः हजाराकडे जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, पोटात असह्य कळ उठते आणि जीवावरही बेतते. अशा वेळी फेनोफायब्रेट लागते.

पण मधल्या आकड्यांसाठी फायब्रेट गटाची गोळी सर्रास घेण्याला फारसा आधार राहिलेला नाही. २०२२ मध्ये या गटातल्या पेमाफायब्रेटची दहा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ट्रायग्लिसराइड सुमारे चतुर्थांशाने उतरले, हृदयविकाराच्या घटना मात्र कमी झाल्या नाहीत. अहमदाबादच्या झायडसने शोधलेल्या आणि २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या सरोग्लिटाझारबद्दल आपल्याला अभिमान वाटणे योग्यच. मधुमेह असून ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांत ते आकडा उतरवते. हार्ट अटॅक टळतो हे दाखवणारी मोठी चाचणी मात्र त्याच्यामागे नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी साधी फिश ऑइलची कॅप्सूल तर या कामाची नव्हेच. ज्या माशाच्या तेलाने २०१८ च्या चाचणीत फायदा दिसला, ते शुद्ध केलेले, चार ग्रॅमच्या मात्रेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध होते. एचडीएल वाढवणाऱ्या गोळ्यांचा नाद तर जगभरच्या डॉक्टरांनी सोडून दिला. नायसिनने आकडा वाढला, पण फायदा झाला नाही.

गोळी रोज घ्यायची म्हणजे ती रोज हाताशी हवी, आणि हिर्डोशीत हा प्रश्न पावसाचा आहे. घाटात दरड आली, रस्ता बंद झाला, एसटी आली नाही, की भोरची फेरी लांबते. आषाढ लागण्याआधी डॉक्टरांकडून दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून घेतली तर हा खंड टळतो. गोळ्या चुलीच्या वरच्या फळीवर किंवा ओल धरणाऱ्या भिंतीजवळ न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवाव्या. राज्य सरकारच्या आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. अटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आरोग्य केंद्रात किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात ते मागून पाहावे. नसेल तर जनऔषधी केंद्रातली ब्रँडविना गोळी तेच काम स्वस्तात करते. अटोरव्हास्टॅटिन दिवसातून कधीही चालते, जेवणाआधी किंवा नंतर. सकाळी गाई-म्हशींकडे जायच्या घाईत विसरत असेल, तर रात्रीच्या जेवणाशी तिची सांगड घालावी. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

गोळी सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करायची. त्यात एलडीएल लक्ष्यापर्यंत उतरले का हे पाहायचे, आणि डॉक्टरांनी सांगितले तर यकृताची चाचणीही. उतरले नसेल तर नुसता डोस दुप्पट करून फार हाती लागत नाही, दर दुपटीला एलडीएल साधारण सहा टक्क्यांनीच आणखी घटते. अशा वेळी बहुधा एझेटिमाइब जोडतात. ते आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. आणि ज्या घरात कोणाचे एलडीएल १९० च्या वर निघाले, किंवा चुलत्याला, थोरल्या भावाला पन्नाशीच्या आत अटॅक आला, त्या घरात दोष रक्ताच्या नात्यातून उतरलेला असू शकतो. तिथे सख्ख्या भावाबहिणींचे आणि मुलांचेही रक्त तपासून घ्यायचे, मग ती मुले कितीही काटक असोत. अशा कुटुंबांविषयी पुढच्या आठवड्यात.