विषय एक, म्हणून गट एक?

नागापूरच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून दिवसभर उभं राहायचं आणि रात्री फिटर थिअरी पाठ करायची, अशा मुलांना अंकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप फार उपयोगाचं आहे. आठवलेलं कार्ड उशिरा परत येतं, विसरलेलं लवकर. 2023 च्या ऑक्टोबरमधल्या 23.10 आवृत्तीपासून त्यात एफएसआरएस ही पद्धत आली. तुमच्या जुन्या उजळण्यांवरून ती तुमच्या विसरण्याचा वेग काढते आणि कार्डाची पुढची तारीख ठरवते. पण गट चुकीचे पाडले तर तारखाही चुकतात.

गैरसमज: एका विषयाची कार्डं एकत्र ठेवली की झालं.

वस्तुस्थिती: अ‍ॅपला विषय कळतच नाही. कोणतं बटण किती दिवसांनी दाबलं, एवढंच ते बघतं. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट 0.01 मिमी, हे माप रोज हाताखालून जातं, विसरायचा प्रश्न नाही. टॅपिंगआधीच्या ड्रिलचे आकडे मात्र निसटतात. एम8 ला 6.8, एम10 ला 8.5, एम12 ला 10.2 मिमी. आठवड्यात एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटतो. दोन्ही फिटर थिअरीच, पण विसरण्याची चाल वेगळी. नव्या कार्डाला पहिलं अंतर किती द्यायचं, हे संपूर्ण प्रीसेटच्या, म्हणजे एक किंवा अनेक डेकना (कार्डांच्या गठ्ठ्यांना) मिळून लागू होणाऱ्या सेटिंगच्या संचाच्या, इतिहासावरून ठरतं. दोन्ही एकत्र ठेवली की अंदाज मधलाच कुठला तरी निघतो: सोपी कार्डं उगाच लवकर, आकड्यांची उशिरा. पुढे उत्तरं बघून अ‍ॅप सावरतं, पण तोवर वेळ वाया गेलेला असतो. म्हणून कार्डं सारख्या वेगाने विसरली जातात की नाही, हे बघून गट पाडा आणि प्रत्येक गटाला स्वतःचा डेक आणि प्रीसेट द्या.

गैरसमज: मग प्रत्येक धड्याचा वेगळा प्रीसेट केला तर आणखी अचूक.

वस्तुस्थिती: उलट बिघडतं. या पद्धतीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्रीसेटसाठी 21 आकडे जुळवावे लागतात. उजळण्या थोड्या असतील तर एखाद्या थकलेल्या रात्रीच्या चुकाही तुमचा स्वभाव म्हणून नोंदल्या जातात. बहुतेकांना दोन-तीन प्रीसेट पुरतात.

गैरसमज: प्रीसेट वेगळे म्हणजे अभ्यासही वेगवेगळा करावा लागणार.

वस्तुस्थिती: नाही. दोन्ही गटांचे डेक एका मुख्य डेकखाली ठेवा. उजळणी मिसळून होते, हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या प्रीसेटनेच चालतो.

एक चूक मात्र कितीही चांगले गट पाडले तरी भरून निघत नाही. उत्तर आठवलं नाही, तरी वाईट वाटू नये म्हणून ‘हार्ड’ दाबलं जातं. अ‍ॅपच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. अशा नोंदी साचल्या की अंतरं भलतीच लांबतात. आठवलं नाही तर ‘अगेन’च दाबा, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक प्रीसेट ऑप्टिमाइझ करा, म्हणजे त्याचे आकडे नव्याने जुळवले जातील.