उंची पाच फूट किंवा कमी? सायकल घेण्यापूर्वी स्वतःचं माप घ्या

दुकानात ‘लेडीज सायकल’ मागितली की बहुतेक वेळा २६ इंची सायकल पुढे केली जाते. भारतीय महिलांची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. त्याहून बुटक्या महिलेला ही सायकल मोठी पडू शकते. थांबताना पाय टेकत नाही, तोल जातो. सीट फार खाली घेतली तर गुडघे दुखतात आणि सायकल घरात पडून राहते. म्हणूनच आधी माप, मग पसंती.

माप कसं घ्यायचं?
अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहा. जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे पायाचं माप. त्याला ०.८८ ने गुणलं की पायडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते. माप ६८ सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे ६० सेंटिमीटरवर हवी. दुकानात टेप घेऊन जा. सीट तेवढी खाली येत नसेल, तर ती सायकल तुमची नाही.

२४ इंच की २६?
हा आकडा चाकाचा आहे, फ्रेमचा नाही. २६ इंची चाकाची पण लहान फ्रेमची सायकल बुटक्या महिलेला चालू शकते. मधला दांडा खाली झुकलेली फ्रेम साडी किंवा पंजाबी ड्रेसवर सोयीची. सरळ दांडा असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांड्याच्या वर दोन-तीन बोटं जागा उरायला हवी. हँडल वळवताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो का, तेही पाहा. लहान फ्रेमला मोठं चाक लावलं की ही अडचण येते. अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये महिलांसाठी सायकली बनवणारी कंपनी सुरू केली, तेव्हा लहान फ्रेमला पुढचं चाक मुद्दाम २४ इंची लावलं होतं.

मुलीची सायकल आईला चालेल?
मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. तीच सायकल घरात सगळे वापरणार असतील तर सीट पान्याशिवाय वर-खाली करता येईल असा क्लॅम्प बसवून घ्या. सीटच्या नळीवर किमान खुणेची रेघ असते. ती रेघ बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नका; नळी किंवा फ्रेम तुटू शकते.

बीडच्या रस्त्यांना काय हवं?
- गेवराई, माजलगावच्या सपाट भागात बिनगिअरची सायकल पुरते. मांजरसुंबा घाट, पाटोदा, अंबाजोगाईकडच्या चढांना गिअर हवेत.
- बाभळीचे काटे आणि सराटे टायरमधून आरपार जातात. जाड टायर घ्या, पंक्चरचं सामान जवळ ठेवा.
- पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अडकते. चाक आणि मडगार्डमध्ये मोकळी जागा हवी.
- ओढणी, पदर अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावा.
- नवा टायर घेताना फक्त ‘२६ इंच’ सांगू नका. २६ × १ ३/८ टायरच्या रिमचं माप ५९० मिलिमीटर, तर जाड एमटीबी टायरचं ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या टायरवरचा आकडा दाखवा.

ऑनलाइन मागवली, घरी जोडायची कशी?
१. आधी पुढचा चिमटा तपासा. तो उलटा बसणं ही नेहमीची चूक. रिमचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला, डिस्क ब्रेक डावीकडे असतो.
२. पुढचं चाक नीट मध्यभागी बसवून दोन्ही नट सारखे आवळा.
३. हँडल चाकाच्या काटकोनात ठेवून घट्ट करा. चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहा. ते सरकता कामा नये.
४. पायडलवर L आणि R लिहिलेलं असतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आधी हाताने फिरवा. जबरदस्ती केली तर आटे जातात.
५. ब्रेकचा दांडा बोटांना लांब पडत असेल, तर बऱ्याच दांड्यांवर तो जवळ घेण्याचा छोटा स्क्रू असतो.
६. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहील.

नवशिक्यांनी सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवावी, सराव झाल्यावर वर घ्यावी. हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. महिनाभराने सगळे नट, ब्रेकच्या केबल आणि चाकाच्या तारा मेकॅनिककडून पुन्हा तपासून घ्या. नव्या सायकलचे भाग चालवताना सैल होतात. ब्रेकबद्दल जरा जरी शंका असेल, तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सायकल घाटात नेऊ नका.