लागरला थंडी का लागते?

आमच्या राहूत उसाचा रस उन्हात ठेवला की काही तासांत आंबतो, कारण उष्णतेत यीस्ट सुसाट सुटतं. लागर बिअरचं उलटं आहे. तिचं यीस्ट ८ ते १३ अंशांत, दोन-तीन आठवडे निवांत काम करतं. शेवटी दोन दिवस तापमान १६-१८ अंशांवर न्यायचं. मग लोण्यासारखा वास देणारं डायॲसिटिल यीस्टच खाऊन टाकतं. त्यानंतर शून्याजवळ काही आठवडे साठवण. जर्मन ‘लागर्न’ म्हणजे साठवणं! आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटली बंद केली, तर वायूच्या दाबाने फुटू शकते. आणि हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात विनापरवाना बिअर बनवणं गुन्हा आहे. म्हणून समजून घ्या, पण घरी करू नका. भेटू पुढच्या भागात!